डॉक्टरांची बसकी गाडी

आमच्या नर्सिंग होमच्या आवारात गाडी लावली, की डॉक्टर लगेच आत यायचे नाहीत. आधी गाडीच्या एका कोपऱ्याशी जायचे, दोन्ही तळहात टेकवून अंगाचा सगळा भार टाकायचे, गाडी खाली दाबायचे आणि एकदम हात काढून घ्यायचे. मग मान तिरकी करून बघत राहायचे. गाडी वर यायची, किंचित खाली बसायची आणि थांबायची. थांबली की पुढचा कोपरा. थांबली नाही, आणखी एकदा डुलली, तर त्यांचा चेहरा उतरायचा. आत पेशंट टेबलावर, मॅडम हात धुऊन तयार, मी दारात उभी, आणि हे बाहेर गाडीची नाडी बघतायत.

"डॉक्टर, मॅडम थांबल्यात," मी म्हणायची.

"आलो, आलो. सिस्टर, मागची डावी बाजू जरा सैल वाटतेय का हो?"

मला काय कळणार? मी रत्नागिरीकडची, नर्सिंग शिकून लग्नानंतर विरारला आलेली. गाडी म्हणजे एसटी, एवढंच मला ठाऊक. पण "नाही, चांगली आहे" म्हटलं तर ते आणखी काळजीत पडायचे. मी नीट बघितलंच नाही असं त्यांना वाटायचं. म्हणून मी "थोडीशी" म्हणायला शिकले होते. तेवढ्यावर त्यांचं भागायचं. आपल्याला उगीच वाटलं नाही, या समाधानात ते आत यायचे आणि कामाला लागायचे.

ते भूल देणारे डॉक्टर. नव्वदनंतर आमच्याकडे बिल्डिंगा उठल्या तशी गल्लोगल्ली नर्सिंग होम्स निघाली, पण भूल देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सकाळी आगाशी, दुपारी सोपारा, संध्याकाळी वसई, अशी त्यांची पायाला भिंगरी. आणि हे सगळं त्या गाडीतून. दोन दारांची, लांब नाकाची, निळ्या रंगाची परदेशी गाडी. जमिनीला इतकी टेकलेली, की आत बसायचं म्हणजे चटईवर बसल्यासारखं बसावं लागे. तरुणपणी ते इंग्लंडात नोकरीला होते, परत येताना जहाजातून ती घेऊन आले. एके काळी ही गाडी तिकडच्या शर्यतीत पळायची असं म्हणत. कंपनीचं नाव आम्हाला कुणाला नीट उच्चारता यायचं नाही. सगळे तिला बसकी गाडी म्हणायचे.

एवढी पळणारी गाडी घेऊन इतकं हळू जाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. रिक्षा त्यांना मागे टाकायच्या. भाजीचे टेम्पो टाकायचे. वटारच्या रस्त्याला कॅन लावलेला दूधवाला सायकलवरून घंटी वाजवत पुढे जायचा आणि वळून हसायचा. डॉक्टर स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून, पुढे वाकून, रस्त्यातला प्रत्येक खड्डा नावानिशी ओळखत असल्यासारखे चालवायचे. रस्ता बांधायला काढला की त्यांना आनंद व्हायच्याऐवजी धास्ती वाटायची. जुने खड्डे पाठ झालेले असत, आता नवे शिकायला लागणार.

काळजी हा त्यांचा स्वभाव होता आणि धंदाही. पेशंटला "शेवटचं काय खाल्लंत?" हा प्रश्न ते तीनदा विचारायचे, तीन वेगवेगळ्या आवाजांत. मग बाहेर जाऊन नातेवाइकांना विचारायचे. एकदा अर्नाळ्याची एक बाई, पोटाचं ऑपरेशन, सकाळपासून तोंडात पाण्याचा थेंब नाही असं देवाशपथ सांगत होती. डॉक्टरांनी बाहेर तिच्या सासूला गाठलं. सासू म्हणाली, "खाल्ला नाय काय बी. निस्ता चाय-पाव दिलेला." डॉक्टर आत आले आणि हातमोजे काढून ठेवले. मॅडम चिडल्या. मॅडम म्हणजे आमच्या नर्सिंग होमच्या मालकीण आणि बाळंतपणाच्या डॉक्टर, दिवसभराचं सगळं वेळापत्रक त्यांच्या डोक्यात. "अहो, एका पावासाठी?" म्हणाल्या. डॉक्टर खाली मान घालून उभे राहिले, पण हातमोजे काही त्यांनी परत घातले नाहीत. ऑपरेशन संध्याकाळी झालं. नंतर चहा पिताना मला म्हणाले, "सिस्टर, मॅडमना धीराचे पैसे मिळतात, मला घाबरण्याचे. मी घाबरलो नाही तर पैसे फुकट घेतल्यासारखं होईल."

बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन दाखवणारं यंत्र तेव्हा नवीन आलं होतं. मॅडमनी हौसेनं घेतलं. सगळे त्याच्या आकड्याकडे बघत बसायचे. डॉक्टर आकड्याकडेही बघायचे, पण त्यांची नजर पुन्हा पुन्हा पेशंटच्या छातीवर यायची. "यंत्राला नंतर कळतं," म्हणायचे. "छातीला आधी."

डॉक्टरांचं घर नंदाखालला, केळी-नारळाच्या वाडीत. लग्न केलेलं नव्हतं. थोरली बहीण घर आणि वाडी दोन्ही बघायची. तिला आम्ही सगळे ताई म्हणायचो. पूर्वी केळीचे घड पिकवायला ठेवायचे त्या खोलीत आता गाडी असायची, आणि ताईंना ते बिलकूल पसंत नव्हतं. "घड बाहेर ओटीवर, गाडी आत," त्या म्हणायच्या. "केळ्यांना उंदीर खातात, हिला कोण खाणार आहे?" पण रोज सकाळी वाडीच्या फाटकाशी उभं राहून गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत बघत राहायच्या त्याही ताईच.

गाडीचं दुखणं सुरू झालं ते सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला. गाडी एका अंगाला कलली. शॉकॲब्सॉर्बरमधून तेल गळायला लागलं. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून सांध्यांमध्ये रबराचे बुश असतात, ते कडक होऊन तडकले. "आपल्या गुडघ्यातली कूर्चा जाते ना, तसं झालंय हिला," डॉक्टर म्हणाले. आणि एवढं बोलून असा सुस्कारा सोडला, की मॅडमनी घरी कोण आजारी आहे म्हणून विचारलं.

सगळ्यांनी त्यांना एकच सल्ला दिला. विका आणि नवीन छोटी गाडी घ्या. आता पार्ट मिळतात, एसी असतो, कुठेही दुरुस्त होते. डॉक्टर ऐकून घ्यायचे. मला एकदा कागदावर चार चौकोन काढून समजावलं. "आपल्याकडच्या गाड्यांची मागची दोन चाकं एका दांड्यावर असतात. एक खड्ड्यात गेलं की दुसरं हेलपाटतं. हिची चारही चाकं सुटी आहेत. एकाचं दुःख दुसऱ्याला कळत नाही. अशी दुसरी कुठे मिळेल?"

मला तेव्हा ते वेड वाटलं. खड्डे इतके लागत असतील तर माणूस उशी घेऊन बसेल. त्यासाठी एवढा जीव कशाला टाकायचा?

गासला एका मेस्त्रीचं गॅरेज होतं. पन्नाशीचा, अंगानं भरलेला, मोठ्यानं बोलणारा माणूस. त्याचं आणि डॉक्टरांचं नातं नवराबायकोसारखं होतं. भांडण रोज, घटस्फोट नाही. मेस्त्रीनं पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यानं रबराच्या जागी नायलॉनचे बुश लेथवर कातून बसवले. "जन्मात झिजायचे नाहीत, डॉक्टर. विसरून जावा." झिजले नाहीतच. पण रस्त्यावरचा खडा न् खडा दातांपर्यंत पोचायला लागला. डॉक्टर त्या दिवशी नर्सिंग होमला आले ते जबडा चोळत.

दुसरी चूक डॉक्टरांची स्वतःची. त्यांचा एक मावसभाऊ बोटीवर इंजिनीअर होता. त्याच्याकडून त्यांनी पुस्तकं वाचून, चित्रं बघून शर्यतीच्या गाड्यांना लावतात तशा स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर मागवले. कित्येक महिने वाट बघितली. खोकं आलं तेव्हा ते ताईंच्या जेवणाच्या टेबलावर उघडलं आणि रात्रीपुरतं ताईंच्याच जुन्या साडीत गुंडाळून ठेवलं. मेस्त्री आधीच म्हणाला होता, "ह्या लई कडक आहेत, डॉक्टर." डॉक्टरांनी ऐकलं नाही. बसवल्या. गाडी आणखी खाली बसली आणि बेडकासारखी उड्या मारायला लागली. सोपाऱ्याला पोचेपर्यंत मागच्या सीटवरच्या पेटीतल्या इंजेक्शनच्या निम्म्या बाटल्या फुटल्या.

"मेस्त्री बरोबर होता," ते मला म्हणाले. "ह्या स्प्रिंगा गुळगुळीत रस्त्यासाठी. मी पुस्तक वाचलं आणि रस्ता विसरलो." पुढे कितीतरी दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. एका सिझरला तर त्यांनी गाडी दाबून बघितलीच नाही, सरळ आत आले. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मग तिसरा प्रयत्न सुरू झाला. वालीवला एक छोटा रबराचा कारखाना होता, मिक्सरच्या पायांच्या रबरी टोप्या बनवायचे. डॉक्टरांनी जुना तडकलेला बुश नेऊन त्याच्या साच्यातून नवे ओतून घेतले. ह्याच्यापेक्षा जरा मऊ, त्याच्यापेक्षा जरा कडक, असे तीन-चार प्रकार. तिथल्याच शेजारच्या शेडमध्ये स्प्रिंगा वळून देणारा कारागीर होता, त्याच्याकडून मऊ आणि थोड्या लांब स्प्रिंगा करून घेतल्या. परदेशी शॉकॲब्सॉर्बर तेवढे ठेवले, पण ते मऊ स्प्रिंगेला जुळवून घ्यावे लागले. "स्प्रिंगेनं धक्का पोटात घ्यायचा आणि शॉकॲब्सॉर्बरनं तिला लगेच गप्प करायचं," डॉक्टर मेस्त्रीला सांगायचे. मेस्त्री म्हणायचा, "तुम्ही गाडीला पेशंट करून ठेवलंय. रस्ताच खराब तर गाडी काय करनार?"

अशाच एका रविवारी मी नंदाखालला गेले होते. पुढच्या आठवड्यातल्या ऑपरेशनच्या वेळा मॅडमनी सांगायला पाठवलं होतं. ताईंनी बसवून घेतलं, उन्हात वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी दिली. मी उठणार तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, पंधरा-वीस मिनिटं आहेत का? जरा गाडीत बसाल?"

बसले. त्यांनी माझ्या मांडीवर वेताची टोपली आणून ठेवली. आत फडक्यावर मांजरीचं पिल्लू. दूध पिऊन गाढ झोपलेलं, डोळेही नुकतेच उघडलेले असावेत.

"ह्याच्या छातीकडे बघायचं. श्वास घेतला की 'घेतला' म्हणायचं. बाकी काही नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते गंभीर होते. ताई ओट्यावरून म्हणाल्या, "बस गं. मी बसून कंटाळले. मला मोतीबिंदू, मला बारीक काही दिसत नाही."

गाडी वाडीतून बाहेर पडली. घराशी रस्ता बरा होता, तिथपर्यंत मी "घेतला... घेतला..." म्हणत होते. पुढे टेलिफोनच्या केबलसाठी खणलेला पट्टा लागला. गाडी हलायला लागली, टोपली हलायला लागली, पिल्लूही हलायला लागलं.

"आता?" डॉक्टर म्हणाले.

"घेतला. म्हणजे... बहुतेक."

"बहुतेक नको. घेतला का?"

"डॉक्टर, सगळंच हलतंय. कळत नाही."

त्यांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. रस्त्यानं चर्चमधून परतणारी माणसं जात होती, वाकून बघत होती. मांडीवर मांजर घेऊन मी आणि शेजारी कपाळ टेकलेले डॉक्टर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"डॉक्टर, हे काय चाललंय ते मला सांगाल का?" मी जरा रागानंच विचारलं.

त्यांनी सांगितलं. समोर बघत, फार हळू आवाजात.

ते इंग्लंडहून परत आले त्यानंतर थोड्याच वर्षांची गोष्ट. कमी दिवसांचं एक बाळ मुंबईला न्यायचं होतं. अशा बाळांना उबेत ठेवायची काचेची पेटी आमच्याकडे तेव्हा नव्हतीच. बाळाला कापसात गुंडाळून ते स्वतः ॲम्ब्युलन्समध्ये घेऊन बसले. ॲम्ब्युलन्स म्हणजे जुनी व्हॅन, पत्रा न् पत्रा वाजणारी. संपूर्ण रस्ता त्यांनी बाळाच्या छातीवरची नजर हलवली नाही. छाती वरखाली होत होती. हॉस्पिटलात पोचले, तिथल्या डॉक्टरनं स्टेथोस्कोप लावला आणि विचारलं, "किती वेळ झाला?"

"मी म्हटलं, कशाला किती वेळ? तेव्हा मला कळलं," डॉक्टर म्हणाले. "छाती हलत नव्हती, सिस्टर. गाडी हलत होती. पावणेदोन किलोचं पोर होतं. श्वास थांबला होता तेव्हा तळव्यावर एक टिचकी मारली असती तरी परत घेतला असता. कमी दिवसांची बाळं विसरतात श्वास घ्यायला, आठवण करून द्यावी लागते. माझं आयुष्य गेलं लोकांचे श्वास बघण्यात. आणि मला सांगता आलं नाही, कधीपासून."

टोपलीतलं पिल्लू जागं होऊन ओरडायला लागलं होतं. मी त्याला उगाच थोपटत बसले.

त्यानंतर मी स्वतःहून जायला लागले. रविवार सापडेल तसा. कधी बुश बदललेले असत, कधी टायर जाड बसवलेले, कधी शॉकॲब्सॉर्बर थोडे ढिले केलेले. पिल्लू मोठं झालं, टोपलीत मावेना, मग ताईंनी दुसरं शोधून आणलं. आणि एक दिवस त्याच खणलेल्या पट्ट्यावरून जाताना मी सरळ "घेतला... घेतला... घेतला..." म्हणत गेले. पट्टा संपला तरी माझं चालूच. डॉक्टरांनी गाडी वळवली. गॅरेजला गेले, मेस्त्रीला गाडीत बसवलं, त्याच्या मांडीवर टोपली दिली आणि तोच रस्ता पुन्हा घेतला. मेस्त्री उतरला तो गप्प होता. इतका वेळ गप्प असलेला मी त्याला कधी बघितला नव्हता.

गणपती नुकतेच गेले होते, रस्त्यांची चाळण झालेली, तेव्हाची ही गोष्ट. विरारच्या एका नव्या बिल्डिंगमधली बाई सकाळी आली. दिवस पुरे व्हायला बराच अवकाश, पण रक्तदाब इतका चढलेला, की डोळ्यांपुढे काजवे चमकतायत म्हणत होती. नवरा मुंबईत एका ऑफिसात नोकरीला, त्याला निरोप गेला, तो धावत आला. मॅडमनी थांबायचं नाही असं ठरवलं. सिझर झालं. मुलगी. माझ्या ओंजळीत मावली असती एवढी. रडली, पण मांजरासारखं. श्वास घ्यायची, मग थांबायची. मी तळव्यावर टिचकी मारली की पुन्हा घ्यायची.

मॅडमनी मुंबईच्या हॉस्पिटलला फोन करून पेटी रिकामी आहे का विचारलं. होती. एका ट्रस्टची ॲम्ब्युलन्स आवारात येऊन उभी राहिली. मॅडम म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही आणि सिस्टर ॲम्ब्युलन्सनं निघा."

"ॲम्ब्युलन्सनं नाही," डॉक्टर म्हणाले. "माझ्या गाडीनं."

"काहीतरीच काय! तिथे ऑक्सिजन आहे, सायरन आहे."

"तिथे बाळ दिसत नाही."

मॅडमना काही समजलं नाही. मुलीचा बाप तिथेच उभा होता, शर्ट घामानं चिकटलेला. त्यानं आवारातल्या त्या बसक्या निळ्या गाडीकडे बघितलं, मग ॲम्ब्युलन्सकडे, मग माझ्याकडे. "सिस्टर, तुम्ही सांगा," म्हणाला. "मला यातलं काही कळत नाही. तुम्ही सांगाल तसं."

मांजराच्या पिल्लावर एखाद्याचं मूल तोलायचं होतं. सांगितल्यावर काही वाईट झालं असतं तर तो माणूस जन्मभर माझा चेहरा विसरला नसता, आणि मी त्याचा.

"डॉक्टरांच्या गाडीनं," मी म्हटलं.

"मग ॲम्ब्युलन्स पुढे काढा," मॅडम लगेच म्हणाल्या. त्यांचं हेच बरं होतं, एकदा ठरलं की वाद संपला. बापाला म्हणाल्या, "तुम्ही तिच्यात बसा, सायरन वाजवत रस्ता मोकळा करा. गाडी मागून येईल."

एवढं होऊनही डॉक्टर निघेनात. बाळाच्या आईची शुद्ध नीट आल्याशिवाय ते हलणार नव्हते. तिच्या उशाशी उभे राहून "डोळे उघडा, जीभ दाखवा, नाव सांगा" चाललं होतं. मी बाळ छातीशी धरून दारात. बाप आवारात येरझाऱ्या घालतोय. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. शेवटी त्या बाईनं नाव सांगितलं, तिला मॅडमच्या हवाली करून डॉक्टर जवळजवळ पळतच बाहेर आले. त्या दिवशी गाडीचे कोपरे दाबायला त्यांना वेळ नव्हता.

मी पुढे बसले. कापसात, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ मांडीवर, छाती तेवढी उघडी. पायांशी ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर, त्याची नळी बाळाच्या नाकाजवळ. काचा बंद, आत भट्टी. बाळाला ऊब हवी होती.

"घेतला?" डॉक्टर म्हणाले. गाडी अजून फाटकाबाहेरही पडली नव्हती.

"घेतला."

विरारचा रस्ता सुरू झाला. पुढे ॲम्ब्युलन्स धाडधाड उडत होती. मागच्या काचेतून बापाचं डोकं दिसायचं, वर जायचं, दिसेनासं व्हायचं, पुन्हा दिसायचं. आमची गाडी त्याच खड्ड्यांतून जात होती. खड्डा आला की खालून एक दबका आवाज यायचा, चाक खाली जाऊन वर आल्याचं जाणवायचं, पण माझी मांडी जागेवर होती. बाळाच्या बरगड्या काड्यांसारख्या दिसत होत्या. आत, बाहेर.

"घेतला?"

"घेतला."

रेल्वेचं फाटक बंद होतं. सायरन कोकलत होता आणि समोरून मालगाडी रमतगमत चालली होती. डॉक्टरांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता, पुसायला त्यांनी हात उचलला नाही. मागून कुणीतरी काचेवर टकटक करून "काय झालंय?" विचारलं. आम्ही दोघांनीही वळून बघितलं नाही.

हायवेला लागल्यावर ॲम्ब्युलन्सनं वेग घेतला, डॉक्टरांनीही घेतला. ट्रकांच्या चाकांनी डांबराच्या वळ्या उठवल्या होत्या. तिथेच, वसई फाट्याच्या पुढे, त्यांनी विचारलं, "घेतला?"

आणि मी म्हटलं, "नाही."

ते मला लख्ख दिसलं होतं. काड्यांसारख्या बरगड्या आत गेल्या आणि तशाच राहिल्या. काही हलत नव्हतं. ओठांचा रंग उतरायला लागला.

डॉक्टरांनी ब्रेक मारला नाही. गचका दिला नाही. गाडी होती तशी चालू ठेवली. "तळव्यावर टिचकी," म्हणाले, ऑपरेशनच्या टेबलाशी बोलतात त्या आवाजात. मी मारली. "पुन्हा. जोरात मारा, घाबरू नका. पाठीवरून हात फिरवा. मान सरळ आहे का? नळी जवळ घ्या. आणखी एक टिचकी."

मुलीनं तोंड वाकडं केलं, पाय आखडला आणि श्वास घेतला.

"घेतला," मी म्हटलं.

"बघत राहा," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज आता मात्र चिरकला होता.

खाडीच्या पुलावर गाड्यांची रांग होती. ॲम्ब्युलन्समधून बाप खाली उतरला आणि हात जोडत, ओरडत, ट्रकवाल्यांना ट्रक बाजूला घ्यायला लावत पायी पुढे पळाला. त्याच्या मागे ॲम्ब्युलन्स, तिच्या मागे आम्ही. पूल ओलांडेपर्यंत मुलीचा श्वास आणखी एकदा थांबला, आणि टिचकी मारल्यावर तिनं पुन्हा घेतला. त्यानंतर मी आकाश बघितलं नाही, रस्ता बघितला नाही. हॉस्पिटल आलं हे मला दार उघडल्यावर कळलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बाळ हातात घेतलं, स्टेथोस्कोप लावला. आमचे डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते. "रस्त्यात किती वेळा थांबली?" बाईंनी विचारलं.

"दोनदा," डॉक्टर म्हणाले. "पहिल्यांदा वसई फाट्याच्या पुढे. दुसऱ्यांदा पुलावर. दोन्ही वेळा टिचकीनं परत आली." एवढं सांगून ते तिथल्या बाकावर बसले आणि त्यांनी दोन्ही हात काखेत दाबून धरले.

ती मुलगी पेटीत बरेच दिवस राहिली. मधे कावीळ झाली, मधे वजन घटलं, बापाच्या खेपा चालू होत्या. पण घरी आली. पुढच्या वर्षी तिला घेऊन तो नर्सिंग होममध्ये आला तेव्हा ती मॅडमचा चष्मा ओढत होती.

परतीला ऊन कललं होतं. गाडीत आम्ही दोघंच. मांडीवर काही नाही हे माझ्या हातांना समजत नव्हतं, ते अजून ओंजळ करूनच होते. पूल गेला. पुढे रुंदीकरणाचा एक तुकडा नुकताच डांबरून झाला होता, काळाभोर, सरळ, आणि त्या वेळी जवळजवळ मोकळा. दोन्ही बाजूंना मिठागरं.

डॉक्टर नेहमीप्रमाणे कडेकडेनं चालले होते. मग त्यांनी आरशात बघितलं. गिअर खाली घेतला. आणि त्या गाडीच्या पोटातून जो आवाज आला तो इतक्या वर्षांत मी कधी ऐकलाच नव्हता. माझी पाठ सीटला चिकटली. मिठागरं एकमेकांत मिसळून गेली. एक ट्रक दिसला आणि नाहीसाही झाला. मी दाराची कडी घट्ट धरली, डोळे मिटावेसे वाटले आणि मिटले नाहीत. शेजारी डॉक्टर पुढे वाकले नव्हते. ते पाठ टेकून बसले होते, एक हात सैल, आणि तोंड किंचित उघडं, लहान मुलांचं असतं तसं.

मग एकदम भानावर आल्यासारखं त्यांनी पाय उचलला. गाडी हळू झाली, कडेला आली.

"माफ करा, सिस्टर," ते म्हणाले. कान लाल झाले होते. "विचारायला हवं होतं तुम्हाला. घाबरलात ना?"

"घाबरले," मी म्हटलं. समोर बघितलं. काळा रस्ता पुढे बराच लांबपर्यंत सरळ जात होता.

"डांबर अजून संपलेलं नाही, डॉक्टर," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आरशात बघितलं, आणि गिअर खाली घेतला.